कोपरापर्यंत

पौष लागला की आमच्याकडच्या बाभळींना कापूस येतो. हसू नका. गाड्या इतक्या शिगोशीग भरतात की रस्त्याच्या दोन्ही अंगचे काटे त्यांना ओरबाडतात, आणि महिन्याभरात अख्खी बाभूळबनं पांढरी होऊन बसतात. परवा बार्शीटाकळीच्या वाटेवर एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून ते पांढरं खाताना पाहिली. धन्याला म्हटलं, बाबा, हिच्या खाली भांडं नको लावू, चरखा लाव. तो हसला. मीही हसल्यासारखं केलं. तेवढ्यात वाऱ्यानं एक तंतू उडाला आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटावर येऊन बसला. डोळ्याला दिसला. बोटाला कळला नाही.

माझ्या त्या बोटांना बऱ्याच गोष्टी कळत नाहीत. वैद्यानं एरंडाचं पान बांधून पाहिलं, दुसऱ्यानं डाग दिला. डाग देताना जळल्याचा वास मला आधी आला आणि चटका नंतर, तोही दुसऱ्याच कोणाला बसल्यासारखा. मी लोकांना सांगतो की बोटं नागानं चाटली. पैलवान नाग होता, मिशा होत्या त्याला. लोकांना ते आवडतं.

तीस वर्षांमागचा तो पौष मात्र वेगळा होता. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी एकाच देशातल्या दोन भावकींत लढाई जुंपली, तिथला कापूस घरातच कुजला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी तोंड फिरवलं ते थेट आमच्या काळ्या मातीकडं. मग काय विचारता! ज्यांच्या अंगावर सणालाही धड बंडी नसे, ते उसाला पाणी द्यायला जरीचा फेटा बांधून जायला लागले. अकोल्याच्या जुन्या शहरात एका पाटलानं गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली. मी स्वतः पाहिली. मी ‘स्वतः पाहिली’ म्हणतो तेव्हा निम्मं वजा करायचं, अशी अकोल्यात रीत आहे. करा वजा. तरी एक चाक उरतंच.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, म्हादू गाडीवान. घरची थोडी शेती, एक बैलजोडी आणि एक जीभ. पहिल्या दोन्ही गोष्टी बेताच्या होत्या. अकोल्याहून अमरावतीला कापूस न्यायचा तर वाटेत चार मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामी शेकोटीभोवती गाडीवान मला मध्ये बसवत. चिलीम पहिली माझ्या हातात. “म्हादू, सांग बे त्या वाघाचं.” वाघ मी कधी पाहिला नव्हता. पण माझ्या वाघाला घाबरून पातूरच्या अंगाचे खरे वाघ तिकडं फिरकत नसत, एवढं खरं.

गाडीवानाच्या धंद्यात जिभेखालोखाल महत्त्वाचं ते ओंगन. चाक आणि आस यांच्यामध्ये घालायचं काळं, चिकट, वासाचं. पुण्याकडचे लोक त्याला वंगण म्हणतात, म्हणोत. एरंडीचं तेल, थोडं मेण, चिंध्या जाळून केलेली राख. हे सगळं लोखंडी पळीत कढवायचं आणि बांबूच्या नळक्यात भरून गाडीखाली लटकवायचं. ओंगन कमी पडलं की गाडी बोंबलते. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याची गाडी अशी रडायची की वाटेवरची माणसं प्रेतयात्रा समजून हात जोडत. माझी गाडी कधी रडली नाही. मी हात आखडला नाही. बोटभर लागत असेल तिथं मूठभर. ओंगन आणि गोष्ट, दोन्हीचा माझा हिशेब एकच होता.

वाटेत एक नदी लागायची. तिचं नाव सांगत नाही, कारण तिच्यावरचा पूल ज्यांनी बांधला त्यांची नातवंडं माझ्याशी रामराम करतात. त्या नदीला एक डोह होता. उन्हाळ्यात बाकीची नदी वाळूत झोपी जायची, पण डोह जागा. तिथला भोई गोमा. काळा, सुकडा, पाण्यात उतरला की माणसाचा मासा व्हायचा. त्याचा एक डोंगा होता, आजोबाच्या वेळचा, जागोजाग राळेनं सांधलेला. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतरही दोन महिने, पाणी उतरेपर्यंत, माणसं, करडं, नवरीचे पेटारे, सगळं त्या डोंग्यातून पलीकडं जायचं. काठावर उभं राहून तोंडाला हात लावायचा आणि ओरडायचं: “गोमा होऽऽ!” मग पलीकडच्या झोपडीतून “आलोऽ” असं यायचं. हाक आणि ओ यांच्यामध्ये चिलीम भरून व्हायची.

कापसाच्या चढत्या भावानं सगळ्यांना घाई सुटली होती. त्या घाईत नदीवर पूल बांधायला घेतला. पाच दगडी खांब, त्यातला तिसरा बरोबर डोहात. ठेकेदार जाड मिशांचा, बोलताना मिशीलाच जास्त हात लावणारा. त्या पौषात वरची कमानही चढली होती. होळीनंतर भरल्या गाड्या पुलावरून जाणार, असं ठरलेलं.

एका दुपारी मी बैलांना पाणी पाजत होतो. गोमा पाण्यातून वर आला, केस पिळले आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला.

“म्हादू, तिसऱ्या खांबाखाली पोकळ हाय.”

“काय बोलून रायला बे?”

“बाईचा तांब्या पडला होता, थो काढाले गेलो. खांबाच्या बुडाशी दगडच नाई. हात जाते.”

“किती?”

त्यानं डावा हात पुढं केला आणि उजव्या हाताची कड कोपरावर ठेवली. “अथपर्यंत.”

मी धोतर खोचलं आणि उतरलो. पोहायला मला येत होतं, म्हणजे बुडायला वेळ लागायचा. गोमानं माझं मनगट धरून खाली नेलं, खांबाचा दगड चाचपायला लावला आणि मग दगड संपला. हात आत गेला. थंडगार गाळ, बोटांमधून सरकणारा. एक बारीकसा मासा अंगठ्याला लागून गेला. दगडाची कड कोपराला टेकली तेव्हा हात थांबला. तो स्पर्श मला आजही जशाच्या तसा आठवतो. त्या बोटांना नीट कळलेली ती शेवटची गोष्ट असावी.

वर आल्यावर गोमा म्हणाला, “सांगाले पाह्यजे.”

मी म्हणालो, “सांगतो नं! म्या अकोल्यातच सांगतो.”

सांगितलं. अकोल्याच्या बाजारात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हात जात होता. पण हाताची गोष्ट कोण ऐकतो? एकानं जांभई दिली. म्हणून पुढच्या ओट्यावर माणूस गेला, मांडी घालून बसला. मूर्तिजापूरच्या मुक्कामी म्हैस मावली. अमरावतीच्या कापूसबाजारात, गठ्ठ्यांवर बसलेली साठ-सत्तर माणसं टाळ्या देत होती तेव्हा, ती म्हैस तिथंच व्याली. रेडकू खांबाला ढुशी देत होतं.

ठेकेदारापर्यंत जे पोचलं ते रेडकासकट पोचलं. तो डोहावर आला आणि जमलेल्या बेलदारांसमोर, गाडीवानांसमोर गोमाला म्हणाला, “तुहा डोंगा या पुलापायी बसला, म्हून तू पुलाले बसवून रायला काय रे? अन् साक्षीदार कोन, त हा गप्पी?” मग मिशी. “वरून साहेब बोलावतो. थो पाण्याखालची तसबीर काढते. निघाली पोकळी, त खांब खोलून बूड भरून देतो, पदरच्या चुन्यानं. नाई निघाली, त डोंगा काढाचा अन् डोह सोडाचा. आठ दिवसांत.”

“कबूल,” गोमा म्हणाला. त्याला त्यात अवघड काही दिसलं नाही. पोकळी होती. तसबिरीत दिसणार होती.

गोमाची बायको तुळसा काठावर जाळं निवडत बसली होती. तिनं मान वर करून एवढंच विचारलं, “अन् म्हशीचं काय?”

साहेबाला अमरावतीहून आणायचं काम माझ्याच गाडीवर आलं. लालबुंद, सुताराच्या काठीसारखा सरळ माणूस. लोकांनी त्याचं नाव काचसाहेब ठेवलं, कारण त्याच्या सामानात नुसत्या काचा. तसबीर काचेवर उतरते, हे मला तेव्हा कळलं. बारा काचा निघाल्या. काळ्या मातीच्या चाकोऱ्यांनी वाटेतच दहांचा चुरा केला. उरल्या दोन. त्यातली एक ठेकेदारानं पुलावर उभं राहून, मिशीला पीळ देऊन, स्वतःच्या तसबिरीत घालवली. साहेबाला नाही म्हणवेना, त्याचं जेवण तिकडून येत होतं. मिशी फार सुरेख आली. उरली एक.

आणि ती पेटी! तसबीर काढायचं यंत्र तर होतंच, पण त्याला पाण्यात नेण्यासाठी त्याच्याभोवती आणखी एक पेटी: सागवानी, पितळी पट्ट्यांची, पुढं जाड काचेची खिडकी, मागं दार. दाराला आठ पितळी मळसूत्रं. दार आणि पेटी यांच्यामध्ये, चौकटीला गच्च बसणारी, करंगळीएवढी जाड चामड्याची वादी. सगळा कारभार त्या वादीचा. सागवान, पितळ, काच, साहेब, विलायत, सगळे एका बाजूला. पाण्याला अडवायचं काम त्या वादीचं, आणि वादी मऊ राहिली तरच.

साहेबानं एक पत्र्याची डबी उघडली. आत पांढरं ओंगन. मी वास घेतला.

“कशाची चरबी हाय, साहेब?”

गोमा दोन पावलं मागं सरला. डोंगा त्याचा, तो पाण्यात उतरणार, पेटी पोटाशी धरणार. त्या काळी चरबी हा शब्द कोणी सहज उच्चारत नसे, साहेबसुद्धा. अखेर साहेबच म्हणाला, “तुम्हारे पास क्या है?”

मी अभिमानानं गाडीखालचं नळकं आणलं. साहेब राख नको म्हणाला, म्हणून चिंध्या न घालता नुसतं एरंडीचं तेल आणि मेण कढवलं. पिवळं, चिकट, चांगलं दाट. साहेबानं ते बोटांत घोळून पाहिलं. नाखूष होता, पण डबी मिटली.

आणि मग त्यानं मला शिकवलं. माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या सबुरीनं काही शिकवलं नाही. वादी खाचेतून काढायची ती नखानं नाही, बोटाच्या पेरानं. मऊ फडक्यानं पुसायची. खाचही पुसायची, कोपऱ्यांत विशेष. मग ओंगन, पण किती? मी सवयीनं मूठभर घेतलं तेव्हा त्यानं माझा हात धरून सगळं परत डब्यात घालायला लावलं. जेवढं बोटाला लागून राहिलं तेवढंच. “बस. चमकना चाहिए, दिखना नहीं चाहिए.” जास्त झालं की ते धूळ धरतं, धूळ पाण्याला वाट देते. मग शेवटचं, आणि त्याच्या मते सगळ्यांत मोठं: डोळे मिटायचे आणि बोटाचं टोक वादीवरून एकदा पुरं फिरवायचं. वाळूचा कण, केस, काहीही असलं तर डोळा चुकतो, बोट चुकत नाही. “आँख से नहीं, उँगली से देखो.”

चार दिवस आम्ही रिकामी पेटी बुडवून पाहिली. आत काचेऐवजी बशीत चिमूटभर ज्वारीचं पीठ ठेवायचं, वादीला ओंगन द्यायचं, बोट फिरवायचं, मळसूत्रं आवळायची, दगड बांधून डोंग्यातून दोरानं सोडायची. चिलीम ओढून होईपर्यंत थांबायचं. वर काढून पीठ फुंकायचं. चारही दिवस पीठ उडालं. एकदा ते साहेबाच्या दाढीवर उडालं आणि तो हसला, तेव्हा कळलं की त्याचे पुढचे दोन दात नव्हते. गोमा मला म्हणाला, “म्हादू, तुह्या हाताले हे काम शोभते. जिभीपेक्षा.” पाठीवर थाप मारली. ओली थाप, बंडीवर पाच बोटं उमटली.

पाचव्या दिवशी काच घालायची होती.

त्या दिवसाबद्दल मी खूप वेळा सांगितलं आहे. त्यात मगर असते. आज मगर नको.

हाडं वाजवणारी थंडी होती. पेटीचे दगड रात्री कोणीतरी सरकवले होते म्हणून मी पहाटेच कंबरभर पाण्यात उतरलो आणि ते पुन्हा गोळा केले. बाहेर आलो तेव्हा हात माझे नव्हते. काठावर वाळल्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटली होती. डोहाच्या वरच्या उताराला पन्नासेक कापसाच्या गाड्या तसबिरीचा तमाशा पाहायला थांबल्या होत्या, आणि वारा त्यांच्या अंगावरून आमच्याकडं येत होता. “म्हादू, ये बे! साहेब काय खाते सांग!” मी शेकोटीपाशी गेलो. हात शेकायला गेलो आणि हात हलवत साहेबाच्या न्याहारीचं वर्णन करत बसलो. चोवीस अंडी खातो म्हणालो, टरफलांसकट. हात विस्तवापासून वीतभर लांबच राहिले, कारण ते अंड्यांचा आकार दाखवत होते.

साहेबानं आपल्या काळ्या तंबूतून काच आणली. दवा फासलेली ती काच ओली असेपर्यंतच कामाची, म्हणून घाई. “जल्दी.” मी वादी पुसली, ओंगन दिलं, थंडीनं ते घट्ट झालेलं म्हणून थोडं जास्त दिलं. डोळे मिटले. बोट फिरवलं. चारी बाजू, चारी कोपरे. बोटाला काहीच लागलं नाही. साहेबानं विचारलं, “साफ?” मी म्हणालो, “साफ.”

खोटं बोललो नाही. बोटाला खरंच काही लागलं नव्हतं. बोटाला तेव्हा विस्तव लावला असता तरी काही लागलं नसतं.

गोमा पेटी पोटाशी धरून खाली गेला. पाणी इतकं नितळ की वरून त्याचे तळवे दिसत होते. त्यानं पेटी खांबाच्या बुडासमोर ठेवली, दोन दगडांत टेकवली, वर येऊन श्वास घेतला, पुन्हा जाऊन नीट केली. साहेबानं दोरी ओढून आतला पडदा उघडला. काठावरच्या पन्नास गाडीवानांत कोणी खोकलं नाही. तुळसा जाळं मांडीवर घेऊन बसली होती, निवडत नव्हती. एक चिलीम झाली. दोरी सोडली. पेटी वर आली.

साहेब काच घेऊन तंबूत गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा काच हातात होती. अर्ध्यावर दवा धुऊन गेली होती, उरलेल्या अर्ध्यावर दुधासारखं पांढुरकं. खांब नाही, बूड नाही, पोकळी नाही. साहेब पेटीशी वाकला, दार उघडलं, वादीवर नाक टेकेल इतका जवळ गेला. मग चिमटीनं काहीतरी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. कापसाचा एक तंतू. माझ्या ओंगनात नीट रुतून बसलेला, एक टोक आत, एक टोक बाहेर. पाणी त्याच्या अंगाअंगानं चालत आत गेलं होतं.

आता हसायचं असेल तर हसा. ज्या कापसापायी चांदीची चाकं झाली, पूल झाला, साहेब आला, त्याचा एक तंतू.

पण अजून सगळं गेलं नव्हतं. ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. काच संपली होती, पण साहेब भला होता. त्यानं टाचणवही काढली, ठेकेदाराला हातानं बाजूला केलं आणि मला समोर बोलावलं. “तुम अंदर गया था? हाथ डाला था?”

“जी, साहेब.”

“कितना? बराबर बोलो. मैं लिखूँगा.”

वहीवर पेन्सिल टेकली होती. गोमा ओल्या अंगानं दोन हात लांब उभा होता, दात वाजत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच, कोणाला दिसणार नाही असं, डावा हात पुढं करून उजवी कड कोपरावर ठेवली. मागून कोणीतरी गाडीवान ओरडला, “सांग बे म्हादू, म्हशीचं सांग!” आणि पन्नास तोंडं आधीच उघडली होती, हसायला तयार. शेकोटीचा धूर, तो वारा, ती तोंडं.

माझ्या तोंडानं सांगितलं, “साहेब, म्हैस बसते. रेडकासकट.”

असा हशा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. बैल बुजले. एक जण गाडीवरून खाली पडला. साहेबही दोन दात नसलेलं हसू हसला, त्यानं वही मिटली आणि पेन्सिल कानामागं ठेवली. ठेकेदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

मला काय वाटलं, असं विचाराल तर काही वाटलं नाही. अजूनही तिथं काही नाही. वाटायचं असतं त्या जागी, हात शेकताना विस्तव लांब असतो तसं काहीतरी.

आठव्या दिवशी गोमानं डोंगा स्वतःच्या कुऱ्हाडीनं फोडला. मदतीला कोणाला बोलावलं नाही. ओल्या लाकडाचा आवाज होत नाही, नुसतं धप्प धप्प. फळ्या पुलाच्या बेलदारांनी चुन्याच्या भट्टीला नेल्या. तुळसाचं माहेर वरूडच्या पलीकडं, तिकडं जायचं ठरलं. गाडी कोणाची, तर माझीच. गोमानं मला नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही. सामान म्हणजे एक पेटारा, दोन जाळी, तो परत काढलेला तांब्या. तो त्या बाईनं गोमालाच देऊन टाकला होता.

निघण्याआधी मी आसेला ओंगन दिलं. चमकेल एवढंच, साहेबानं शिकवल्यासारखं. सगळ्या वाटेत गाडीनं हूं की चूं केलं नाही. मला वाटत होतं, रडावी, बोंबलावी, एखादं चाक तरी कुरकुरावं, म्हणजे बोलण्याला कुठून तरी सुरुवात होईल. मैलोन्मैल नुसती बैलांची घुंगरं. मी, म्हादू गप्पी, तीन दिवस बोललो नाही. यातलं निम्मं वजा करू नका.

तिसऱ्या दिवशी उतरताना तुळसा बोलली. पेटारा डोक्यावर घेतला, दोन पावलं गेली आणि परत वळली.

“म्हादूभाऊ, हात जाते म्हनलं असतं, त काय गेलं असतं तुमचं?”

गोमा तिला म्हणाला, “चाल वं.” चिडून नाही. थकलेला माणूस बैलाला म्हणतो तसं.

मी गाडी वळवली.

होळीनंतर पुलावरून गाड्या गेल्या. फुलं वाहिली, नारळ फुटला, माझीही गाडी गेली. पुढच्या भाद्रपदात नदीला मोठा पूर आला, आणि तो ओसरत असताना, भरदुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिसरा खांब खाली बसला. पडला नाही. दमलेला माणूस खाटेवर बसतो तसा बसला. वरच्या कमानीला भेग गेली. पुलावर तेव्हा एक कुत्रं होतं, ते उठून निघून गेलं. मी सांगतो तेव्हा पुलावर अख्खी वरात असते, पण होतं ते कुत्रं.

पूल बंद झाला. दोन्ही काठांवर माणसं साचली. मीही होतो. अकोल्याकडचं एक म्हातारं जोडपं होतं, लेकीकडं बाळंतपणाला निघालेलं. म्हाताऱ्यानं पाण्याकडं पाहिलं, मोडक्या पुलाकडं पाहिलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं तोंडाला हात लावून ओरडला, “गोमा होऽऽ!”

सगळे पलीकडं पाहू लागले. झोपडीच्या जागी एरंड वाढला होता. म्हाताऱ्याला कोणी काही सांगितलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मग इतरांनीही मारली. मी चिलीम भरली. भरून झाली, ओढून झाली.

त्याला आता तीस पौष झाले. लढाई कधीच मिटली, भाव उतरले, चांदीची चाकं मोडून बायकांची जोडवी झाली. डोहावर दुसरा पूल आहे, भक्कम. वरूडकडं मी मग एकदा गेलो होतो, उगाच, मिठाच्या निमित्तानं. तुळसाचे भाऊ म्हणाले, ते दोघं पुढं वर्धेच्या काठाला गेले. कुठं, ते माहीत नाही. मी मीठ घेऊन आलो.

अजूनही गाडी जुंपण्याआधी मी आसेला ओंगन देतो, फडक्यानं पुसतो, डोळे मिटतो आणि बोट फिरवतो. गाडीच्या आसेला असं कोणी करत नाही. सून हसते. “मामंजी, काय शोधून रायले?” मी म्हणतो, म्हैस.

परवाच्या त्या तंतूला मी बोटावर तसाच ठेवून घरी आलो. डाव्या हाताच्या चिमटीनं उचलून दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. साहेबाची वही कुठल्या पेटाऱ्यात असेल, असेल की वाळवीनं खाल्ली असेल, देव जाणे. पण त्यानं विचारलं होतं, किती, बरोबर बोल. त्याचं उत्तर राहिलं आहे.

हात जात होता, साहेब. कोपरापर्यंत.